एकोणतीस अक्षरं

"म्हण रे," साहेब म्हणाले.

मी झाडू भिंतीला टेकवला. हात पँटला पुसले. केबिनमध्ये बसलेल्या पाहुण्यांपुढे उभा राहून म्हटलं, "फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन."

एका दमात. इंग्रजीत एकोणतीस अक्षरं.

मुंबईहून आलेल्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. एकाने विचारलं, "अर्थ माहीत आहे?"

"एखादी गोष्ट कवडीमोल ठरवणं," मी सांगितलं.

साहेब हसले. "आमचा झाडूवाला. यांच्यात असा एखादा निघतो. पढवला की पोपटही बोलतोच." मग माझ्याकडे वळून, "जा आता, संडास राहिलेत ना?"

यांच्यात. म्हणजे कोणाच्यात, ते तिथे प्रत्येकाला कळलं.

पिंपरीतल्या त्या कारखान्यात मी दुष्काळाच्या वर्षी लागलो. मॅट्रिक पास, इंग्रजीत साठ मार्क. भरतीच्या कारकुनाने आडनाव वाचलं आणि झाडू दिला. रद्दीवाल्याकडून एक जाड डिक्शनरी घेतली होती. जेवणाच्या सुट्टीत लांबलचक शब्द शोधायचो, अर्थासकट वहीत उतरवायचो. अँटीडिसएस्टॅब्लिशमेंटेरियनिझम. धर्मपीठाचा राजाश्रय काढून घ्यायला विरोध. मला काय करायचंय त्या धर्मपीठाशी? पण शब्द तोंडात बसला की छाती फुगायची.

साहेबांना पेपरातल्या शब्दकोड्यांचा नाद. वहीचं कळल्यापासून ते मला केबिनमध्ये बोलवायचे. चूक माझी. त्या बोलावण्याला मी मान समजलो. घरी बायकोला मिरवून सांगायचो. आता त्याची लाज वाटते.

स्टोअरमध्ये कारकुनाची जागा निघाली. मी अर्ज केला. "शब्द येतात म्हणजे इंग्रजी येतं असं नाही," साहेब म्हणाले. जागा त्यांच्या भाच्याला गेली. तो मॅट्रिक नापास.

पुढच्या आठवड्यात परत पाहुणे. परत, "म्हण रे."

"न्हाई म्हणणार, साहेब."

"काय?"

"झाडायला ठेवलंय, झाडतो. हे न्हाई."

दुसऱ्या दिवशी कारकुनाने टाइप केलेला इंग्रजी कागद पुढे सरकवला. "सही कर. कागद मिळाल्याची पोच आहे." आम्ही कामगार इंग्रजी कागदावर न वाचताच सही करायचो. वाचत बसलं तर कारकुनाला राग यायचा. वहीभर शब्द येत असून मीही तसाच करत आलो होतो. त्या दिवशी वाचला. इनसबऑर्डिनेशन, म्हणजे वरिष्ठांची आज्ञा मोडणं, हा गुन्हा मला कबूल आहे. बिनशर्त माफी मागतो. पुन्हा घडल्यास कामावरून काढावं. खाली माझं नाव.

"ही पोच न्हाई, माफी हाय!" मी ओरडलो. मागे रांगेत चौघं उभे होते. त्यांनी आपापल्या हातातल्या इंग्रजी कागदांकडे पाहिलं. आणि न वाचताच सह्या केल्या.

मी केली नाही. आठ दिवसांत कामावरून काढलं. युनियनचा पुढारी म्हणाला, "राव, एक शब्द म्हटला असतास तर काय बिघडलं असतं?" बायकोने माझी शब्दांची वही उचलून फळीवर मागे सारली. ते जास्त लागलं. भोसरीपर्यंत सगळे कारखाने पालथे घातले. आडनाव सांगितलं की बोलणं संपतं. आता काम मिळेल असं वाटत नाही. खोटी आशा कशाला धरू?

पण सकाळच्या शिफ्टला मी त्या गेटबाहेर उभा असतो. ज्याच्या हाती इंग्रजी कागद दिसेल त्याला अडवतो, ओळ न् ओळ मराठीत सांगतो. बरेच जण ऐकत नाहीत. वॉचमन हाकलतो. मी रस्त्याच्या पलीकडे जातो आणि पुन्हा येतो. त्यांना मला इथून हलवायचं असेल तर उचलूनच न्यावं लागेल.