कोळंबीसाहेबांच्या आजीचं फ्रेंच

माणूस भेटला की कोळंबीसाहेब आधी त्याच्या आईची चौकशी करत. हुद्दा नाही, पगार नाही, थेट "तुझी आई कोण?" कतारमध्ये, दोह्याला आम्ही नवं बिऱ्हाड मांडलं होतं. ह्यांना कामावर न्यायला त्यांची गाडी दारात थांबली आणि मलाही पहिला प्रश्न हाच. मी गडबडून सांगितलं, "इंदुमती. रत्नागिरीची." "मासे चांगले करते?" म्हटलं, "उत्तम!" "मग तू आपल्यातलीच," म्हणून ते मोकळे झाले.

हे ह्यांचे वर्कशॉपमधले साहेब. अमेरिकन खरे, पण लुइझियानाच्या दलदलीतल्या खेड्यातले केजन, म्हणजे घरात पिढ्यान्‌पिढ्या फ्रेंच बोलणारे. पहिल्याच शुक्रवारी जेवायला आले आणि जवळच्या अल वक्रा बंदरातून आणलेल्या कोळंबीची डोकी अशी काही चोखली, की आम्ही रत्नागिरीकर हात आवरून बघतच राहिलो. त्या दिवसापासून त्यांचं खरं नाव आमच्या घरात कुणी घेतलं नाही. शुक्रवारचं जेवणही त्यांचं आमच्याकडेच ठरून गेलं.

जेवताना त्यांच्या घरच्या गोष्टी चालत. त्यांचा एक काका म्हणे इतका आळशी, की गळ टाकायचाही कंटाळा. होडीत आडवा पडून माशांनाच हाका मारायचा. "मग मासे यायचे?" मी विचारलं. "छे! काकू यायची. वल्हं घेऊन." आमची मनू तेव्हा दुसरीत. ती रुसली की साहेब गंभीर चेहऱ्याने सांगत, "ओठ आत घे, नाहीतर कोंबडी येऊन बसेल त्यावर. आमची आजी असंच म्हणायची." आणि वर पुटपुटत, "फ्रेंचमध्ये याहून मजा येते."

एकदा मनूच्या शाळेतून निरोप आला, मुलगी इंग्रजीत मागे पडतेय, घरी इंग्रजीच बोला. झालं! मी फर्मान काढलं, आजपासून घरात मराठी बंद. पुढच्या शुक्रवारी साहेब जेवायला बसले. मी म्हणतेय, "प्लीज टेक राइस." हे म्हणताहेत, "थँक यू." मनू मान खाली घालून मुकाट जेवतेय. एरवी या घरात कोण बोलतंय ते कळायचं नाही. साहेबांनी हळूच विचारलं, "कुणी वारलं का?"

ह्यांनी शाळेचा निरोप सांगितला. साहेबांनी हातातली कोळंबी पानात ठेवली.

"शाळेत फ्रेंच बोललो म्हणून मी हातावर पट्ट्या खाल्ल्यात," ते म्हणाले. "आईने ठरवलं, धाकटीला हे भोगायला नको. तिच्याशी फक्त इंग्रजी. आजीला इंग्रजी येत नव्हतं. आजी काही बोलली की आम्ही हसायचो, आणि धाकटी आमच्या तोंडाकडे बघून हसायची. आजी गेली त्या दिवशी तिने धाकटीचाच हात धरून काहीतरी सांगितलं. खोलीतले सगळे रडता रडता हसले. धाकटी विचारत राहिली, काय म्हणाली? काय म्हणाली? आम्ही सगळ्यांनी सांगून बघितलं. इंग्रजीत ते कुणालाच जमेना." कोळंबी पुन्हा उचलत म्हणाले, "चाळिशी उलटली तिची. अजून विचारते."

मी कालवणाचं पातेलं पुढे ओढलं. "मने, कालवण वाढू का गं?" एवढंच म्हटलं. तिने आधी बापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "वाढ," म्हणाली, आणि आठवडाभर साचलेलं सगळं मराठीत भडाभडा ओतलं. इंग्रजी आम्ही शाळेवर सोपवली. यथावकाश तीही आलीच.

पुढे तेलाचे भाव कोसळले आणि भराभर माणसं परत जाऊ लागली. साहेबांचंही काम खलास झालं. जाताना ते मनूला पोटाशी धरून खूप वेळ उभे राहिले. पत्ता घ्यायचा मात्र राहूनच गेला, त्याची हळहळ आजही वाटते.

त्याच वर्षी मे महिन्यात आम्ही सुट्टीला चिपळूणला सासूबाईंकडे गेलो. डॉक्टरांनी त्यांना पाणी भरपूर प्यायला सांगितलेलं, आणि त्या काही केल्या पीत नव्हत्या. नातीची फिरकी घ्यायची म्हणून त्यांनी विचारलं, "काय गं, कतारला उंट पाळलाय म्हणे तुम्ही?"

"पाळलाय ना," मनू म्हणाली. "अगदी तुझ्यासारखाच आहे, आजी. पाणी पुढे केलं की तोंड फिरवतो."

सासूबाई हसता हसता कलंडल्या. "कार्टी मेली!" म्हणत पदराने डोळे पुसायला लागल्या, आणि स्वतःहून तांब्या उचलून घटाघटा पाणी प्यायल्या. मी दारात उभी राहून रडत होते. तिथे कोळंबीसाहेब हवे होते हो! त्यांना एक अक्षर कळलं नसतं, पण सगळ्यांत मोठ्याने तेच हसले असते.