विम्याचा तो अर्ज मीच भरला होता

ही गोष्ट सांगायची मी सात-आठ वर्षं टाळली. घरात कोणी विषय काढला की मी पाणी प्यायच्या निमित्तानं उठायचो. घरच्यांना वाटतं, पुतणीच्या धनुष्याचं नाव निघालं की यांच्या जिवाला लागतं. लागतं हे खरं आहे, पण त्यांना वाटतं त्या कारणानं नाही. त्या मुलीच्या नावाला माझ्यामुळे एक खोटं चिकटलं आहे. मी गप्पच गेलो तर ते तसंच चिकटून राहील. म्हणून लिहितो.

मी अर्जनवीस होतो. मंगरूळपीरला तहसीलसमोर टेबल टाकून पस्तीस-छत्तीस वर्षं लोकांचे दस्त आणि अर्ज लिहिले. खरेदीखताला माणूस आला की बसायच्या आधी विचारायचा, "कागदावर किती दाखवता?" किंमत जितकी जास्त तितकं मुद्रांक शुल्क जास्त. सरकारी दर ठरलेला असे, तरी वाट काढता यायची. नवं घर असलं तरी 'जुने, कच्चे बांधकाम' लिहायचं. मी हे इतक्या वेळा लिहिलं की हाताला वेगळं काही सुचेनासं झालं. लोक खूष असायचे. 'कागद करावा तर यांनीच' असं म्हणायचे, आणि मलाही ते पटायचं.

माझा धाकटा भाऊ आसेगावला आमच्याच वस्तीत असतो, थोडी शेती आहे. त्याची मुलगी अमरावतीला वसतिगृहात शिकायला होती, तिथं धनुर्विद्येला लागली. आधी बांबूच्या धनुष्यावर खेळायची. राज्यात नंबर आला तेव्हा तिच्या प्रशिक्षकांनी सांगितलं की इथून पुढं बांबू चालणार नाही, बाहेरून येतं तसं धनुष्य लागेल. ते भावाच्या आवाक्याबाहेरचं होतं. मग विहारात बैठक झाली. आमच्या वस्तीतले शिक्षक, एक तलाठी, एसटीतले दोघे, आणि शेतात निंदणाला जाणाऱ्या बाया, सगळ्यांनी आपापल्या परीनं वर्गणी दिली.

धनुष्य आलं ते तुकड्यांत. मुलीनं विहाराच्या ओट्यावर सतरंजी टाकून एकेक भाग जोडला. मधली धातूची मूठ, वरची-खालची दोन पाती, नेम धरायची काच, पुढं निघालेला लांब दांडा. बघायला सगळी वस्ती.

शेजारची एक म्हातारी म्हणाली, "माय, येवढ्याशा दांडीले इतका पैसा?"

"आजी, दांडी नाई हे. याले स्टॅबिलायझर म्हन्तात."

"मंग बरोबर आहे. इंग्रजी नाव ठेवलं की महाग होतेच."

पोरगी हसत सुटली. तिला असं हसताना मी त्यानंतर फारसं पाहिलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात गुवाहाटीला राष्ट्रीय शिबिराची निवड चाचणी निघाली. तिची परीक्षा आणि चाचणी यांत दोनच दिवस होते, रेल्वेनं पोचणं शक्य नव्हतं. नागपूरहून विमान. आमच्या घरातलं कोणी तोवर विमानात बसलेलं नव्हतं. प्रशिक्षकांनी फोनवर बजावलं, "धनुष्य सामानात टाकावं लागतं, जवळ ठेवू देत नाहीत. खाली आदळआपट होते. विमा काढा. आणि त्यात खेळाचं साहित्य म्हणून वेगळं लिहा, बिलावरची खरी किंमत टाका."

भावानं बिल माझ्या हातात दिलं. "भाऊ, कागदाचं काम तुमच्याकडं."

मी शेलूबाजारच्या ऑनलाइन सेंटरवर गेलो. सेंटर चालवणाऱ्या बाईंनी अर्ज उघडला. सामानाचा रकाना आला.

"काका, खेळाच्या सामानाचा अलग रकाना आहे इथं. त्याच्यात टाकू?"

"त्यानं काय होते?"

"हप्ता वाढते थोडा. आन बिल जोडा लागते."

"मंग कायले? साध्यात टाका. घरगुती सामान, वापरलेलं."

"पन किंमत?"

मी किंमत सांगितली. बिलावरच्या आकड्याचा दहावा हिस्साही नव्हता तो. बाईंनी माझ्याकडं पाहिलं, मग खिशातून डोकावणाऱ्या बिलाकडं पाहिलं.

"काका, उद्या काही झालं तर?"

"बाई, तुमचा जनम व्हायच्या आधीपासून कागद लिहून राह्यलो मी."

त्यांनी बटण दाबलं. वाचला तो फरक चार जणांच्या चहा-नाश्त्याएवढा होता. आणि तो पैसा माझा नव्हताच, वर्गणीतलाच उरलेला होता. मी कोणासाठी वाचवला, हे मला आजही सांगता येत नाही. खरी किंमत कागदावर लिहिणं म्हणजे अडाणीपणा, एवढंच डोक्यात होतं. मुद्रांकाच्या कागदावर कमी लिहिलं की फायदा होतो आणि विम्याच्या कागदावर कमी लिहिलं की आपलाच गळा कापला जातो, हा साधा फरक, उभं आयुष्य कागदात घालवलेल्या माणसाला, कळला नाही.

गुवाहाटीला उतरल्यावर तिनं पेटी उघडली. पेटीवर काहीतरी जड पडलं असावं. एक पातं उभं चिरलं होतं, मूठ वाकली होती. तिनं मला फोन केला. "मोठे बाबा, मी काऊंटरवर तक्रार देऊन राह्यली. फोटो काढले. त्याइच्याकडून सही-शिक्क्याचा कागद घेतल्याशिवाय मी इथून हालत नाई." एकोणीस वर्षांची मुलगी, परका मुलूख, भाषा येईना, तरी तिनं दोन तास उभं राहून तो कागद घेतला. चाचणीला दुसऱ्या राज्यातल्या एका मुलीचं जादा धनुष्य तिनं मागून घेतलं. ते ओढायला तिच्या सवयीपेक्षा जड होतं. खांदा थरथरत राहिला. निवड झाली नाही.

पण निवड वर्षभरानं पुन्हा होणार होती. सगळा प्रश्न धनुष्याचा होता. विम्यातून दुसरं मिळालं असतं तर ती परत उभी राहिली असती. घरी आल्या आल्या तिनं तो शिक्क्याचा कागद माझ्या हातात ठेवला. "सांभाळा, मोठे बाबा. हेच एक आहे."

मग विमा कंपनीला फोन करणं सुरू झालं. हिंदीसाठी दोन दाबा. दाव्यासाठी चार दाबा. आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मग सनई. सनई ऐकून ऐकून माझी बायको म्हणायची, "लग्न लागलं का तुमचं?" वीस मिनिटांनी माणूस यायचा, मी सगळं सांगायचो, तो म्हणायचा दुसऱ्या विभागाला जोडतो, आणि फोन कटायचा. पुन्हा दोन, पुन्हा चार. दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून. मी तीन पानी अर्ज हातानं लिहून रजिस्टर पोस्टानं पाठवला. माझ्या अर्जावर तहसीलदार उठून उभे राहत, असा माझा समज होता. उत्तर आलं की दावा फक्त पोर्टलवर स्वीकारला जाईल. पोर्टलवर फोटो टाकले तर फाईल मोठी आहे. लहान केली तर अक्षर दिसत नाही. रोज सकाळी शेलूबाजार, रोज दुपारी परत.

शेवटी फोनवरच्या एका मुलीवर मी ओरडलो. "मैडम, तुमने देखा क्या धनुष्य? पूरे बस्ती का है वो!"

ती शांतपणे म्हणाली, "सर, आपने घरेलू सामान लिखा है. पुराना. धनुष तो कहीं लिखा ही नहीं."

मी फोन ठेवला. इतके दिवस मी ज्या कंपनीला शिव्या घालत होतो, तिनं फक्त माझं लिहिलेलं मला वाचून दाखवलं होतं. आठवड्यानं मेल आला. सेंटरच्या बाईंनी मराठीत सांगितला. जाहीर केलेलं सामान आणि मोडलेलं सामान एक नाही, दावा नामंजूर.

"काका, मी तवाच म्हटलं होतं."

"कोनाले सांगू नका," मी म्हणालो. त्यांनी सांगितलं नाही.

त्या पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर तलाठीसाहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "विम्याचं काय झालं हो?" चाळीस-पन्नास माणसं. पुरुष एकीकडं, बाया एकीकडं. बायांत माझी पुतणी बसलेली. मी उभा राहिलो. खरं बोलायचं ठरवून आलो होतो, असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. तेही खरं नाही. काहीच ठरवलं नव्हतं.

मी म्हणालो, "विमानतळावर जो कागद घ्या लागते, तो बरोबर घेतला गेला नाई. लेकरू आहे, गोंधळली."

'लेकरू आहे' हे शब्द मी माया दाखवल्यासारखे बोललो. त्यानं खोटं जास्त पटलं. बायांतून कोणी म्हणालं, "इतकं भारी सामान पोरीच्या हाती द्यालेच नव्हतं पाहिजे." ती दांडीवाली म्हातारी म्हणाली, "जाऊ द्या न बाप्पा, लेकराची चुकी." भाऊ मान खाली घालून बसला. मुलीनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. मी पुढं काही बोलेन, दुरुस्त करीन, म्हणून ती थांबली होती. शिक्क्याचा कागद त्या वेळी माझ्या सदऱ्याच्या खिशात होता. मी बसलो.

दुसऱ्या धनुष्यासाठी पुन्हा वर्गणी मागायची कोणाची हिंमत झाली नाही. ज्या पोरीनं पहिलं मोडून आणलं तिच्यासाठी कोण देणार? ती वर्षभर वसतिगृहाच्या जुन्या धनुष्यावर खेळली, मग सोडलं. आज ती वनरक्षक आहे, दुसऱ्या जिल्ह्यात. नोकरी चांगली आहे. लोक मला म्हणतात, बरंच झालं की. मी मान हलवतो.

तिनं बापालासुद्धा सांगितलं नाही. एकदा भाऊच मला म्हणाला, "पोरगी म्हन्ते, मीच चुकली असन." तिनं ते माझ्यासाठी अंगावर घेतलं, की कंटाळून, हे मला माहीत नाही. विचारायला मला तोंड नाही.

माफी मागायचा प्रयत्न मी केला. आधी लिहून. कागद घेतला की हात आपोआप 'सविनय सादर करण्यात येते की' लिहायचा. 'झालेल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहे' लिहिलं, तेव्हा आठवलं की हे वाक्य मी लोकांना, काहीच कबूल करायचं नसलं की, लिहून द्यायचो. फाडून टाकलं.

मागच्या उन्हाळ्यात ती चार दिवसांच्या सुट्टीवर आली. परत जाताना मी मुद्दाम तिला शेलूबाजारला सोडायला गेलो. फाट्यावर अर्धा तास बस आली नाही. आम्ही दोघंच रसवंतीच्या सावलीत उभे. ती सांगत होती की जंगलात पाणवठे आटले, पायी फिरावं लागतं. मी तीनदा घसा खाकरला.

"तब्येत बरी नाई का, मोठे बाबा?"

"बरी आहे. तुले एक सांगायचं होतं."

"सांगा न."

तिनं बॅग खाली ठेवली आणि माझ्याकडं पाहत थांबली. विहारात थांबली होती तशीच. मी म्हणालो, "बदलीचा अर्ज करायचा असला तर सांगजो, लिहून देतो."

ती म्हणाली, "व्हय." बस आली.

जे बोलायचं होतं ते इतकंच होतं: पोरी, तू कागद आणला होता. तो माझ्या खिशात होता. चूक मी केली, आणि सगळ्यांसमोर तुझ्यावर टाकली. मला माफ कर.

बस सुटेपर्यंत ती खिडकीतून हात हलवत होती. मीही हलवला.