कुंकवाविना कृष्णवड

"बघितलंय का कुणी?" असं विचारताना आमच्या अंगणवाडीच्या बाई हातातला डाव पातेल्याच्या काठावर ठेवायच्या आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघत बसायच्या. उत्तर येईपर्यंत खिचडी कुणाला मिळत नसे. तुमच्याही गावात अशी एखादी बाई असेल. तिच्यापुढे अफवा फार टिकत नाहीत.

तामलवाडीजवळच्या एका गावात मी उपकेंद्राची सिस्टर होते. लसीकरणाला बाई माझ्यासोबत यायच्या. ग्रहणात गरोदर बाईनं भाजी चिरली की लेकराचा ओठ फाटतो, असं एक सासू ठासून सांगत होती. बाई म्हणाल्या, "माझ्या येळंला म्या उंबऱ्यात बसून वांगी चिरली. पोरगी आता पोलिसात हाय. ओठ फाटायचं सोडा, तोंड मिटत न्हाय तिचं."

नवरा गेल्यावर घर आणि मागची परसबाग बाईंच्या वाट्याला आली होती. एक लिंबू, एक शेवगा, कढीपत्ता, मेथीचे वाफे. एवढ्याशा जागेत त्यांचा जीव होता. धाकट्या दिराला त्याच बागेतून आपल्या जनावरांच्या शेडकडे ट्रॅक्टरची वाट हवी होती. मागून झालं, रुसून झालं. मग एके दिवशी तो कुंपणाबाहेरूनच म्हणाला, "वैनी, सोमवारी ट्रॅक्टर घालतो. झाडं काढून घ्या." गावातले मोठे लोक म्हणाले, घरातलं घरात मिटवा.

तोडगा मी काढला. सोलापूरच्या एका नर्सरीत मी कृष्णवड पाहिला होता. वडाच्याच जातीचा, पण पान द्रोणासारखं वळलेलं. कृष्णानं त्यात लोणी लपवलं, असं लोक सांगतात. आमच्या भागात हे झाड कुणाच्या दारात नव्हतं. रोप आणून मी बाईंपुढे ठेवलं.

"वाटेच्या मधोमध लावा. कुंकू लावा, दोन उदबत्त्या लावा. यावर ट्रॅक्टर घालायची कुणाची छाती होणार नाही."

बाईंनी रोप मोरीजवळ ठेवलं. रोज पाणी घालायच्या, पण खड्डा काही खणेनात. सोमवार जवळ आला तशी मी चिडले.

"सिस्टर, ह्ये किती वाढतंय?"

"वडच आहे तो. पुढं तुमच्या भिंतीत मुळ्या घालेल."

"अन् लिंबाला ऊन?"

"राहणार नाही."

"म्हंजी बाग वाचवायला बाग घालवायची."

"ट्रॅक्टर परवा घालवेल, झाडाला वीस वर्षं लागतील. काय ते ठरवा."

बाईंनी रोपाचं वळलेलं पान बोटानं उलगडून बघितलं. "मुळ्यांचं न्हाय हो. कुंकवाचं भ्या वाटतंय. आज कुंकू लावलं की उद्या बाया दोरा घिऊन येत्यात. मग कट्टा, मग पत्र्याचा मंडप, मग वर्गणी. देवाची जागा झाली की माझी कुठं ऱ्हाती? अन् कमिटीचा अध्यक्ष कोण, तर आमचा दीर."

मला हसू आलं. बाई हसल्या नाहीत.

सोमवारी सकाळी मी पोचले तेव्हा रोप वाटेच्या मधोमध उभं होतं. भोवती ओलं आळं. कुंकवाचा ठिपकाही नव्हता. कुंपण मोडून ट्रॅक्टर आत आला होता, इंजिन चालू होतं. दीर चाकाशी उभा, बाई रोपापुढे.

तेवढ्यात जाऊ हळदीकुंकवाचं ताट घेऊन धावत आली. "आक्का, दोन बोटं लावू द्या. मंग ह्ये म्हागं फिरतील. वडाचं झाड मोडलं तर माझ्या लेकराबाळांला लागंल."

तिचा हात रोपाकडे गेला. बाईंनी मनगट धरलं.

"लावू द्या हो," मी हळूच म्हणाले. ती चाकं माझ्या छातीएवढी होती.

"न्हाय. झाड हाय ते. सिस्टरनी नर्सरीतनं आणलंय. देव न्हाय बसवला हितं."

"मंग काढा की बाजूला!" दीर ओरडला.

"जागा माझी हाय, म्हणून ते हितं हाय. थांबायचं तर माझ्यासाठी थांबा. झाडासाठी नगं."

"घाल रे!" दिरानं चाकावर थाप मारली. ड्रायव्हरनं गिअरवर हात ठेवला. ट्रॅक्टर थोडा पुढं आला. बाई हलल्या नाहीत. ड्रायव्हर रोपाकडे बघतच नव्हता, बाईंकडे बघत होता. त्यानं इंजिन बंद केलं.

"दादा, म्या न्हाय. दुसरा कुणी बघा."

दुसरा मिळाला नाही. दिरानं पुढं ओढ्याकडून वाट काढली आणि वर्षभर बाईंशी अबोला धरला. कृष्णवड वाढला, लिंबू वाळला. बाईंनी शेवटपर्यंत वडाला ना कुंकू लागू दिलं, ना दोरा. "सावलीत बसा, च्या घ्या," म्हणायच्या. मंडळी बसायची.

गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या. बीपीच्या गोळ्या घ्यायला त्यांनी नेहमीच टाळाटाळ केली, मी किती बोलले तरी. घराला आता कुलूप आहे.

यंदा वटपौर्णिमेला मी गावात होते. जाऊ ताट आणि दोरा घेऊन आली. फाटकाला नुसती कडी होती आणि अडवायला आत कुणी नव्हतं. तरी ती बाहेरच थांबली, पदर सारखा केला आणि बंद घराकडे बघून म्हणाली, "आक्का, येऊ का?"

थोडा वेळ उन्हात उभी राहिली. मग दोरा ताटाखाली सरकवून आल्या वाटेनं परत गेली.