स्वरांगीचे हात

स्वरांगी झोपेत दात खाते. लोकांचे दात वाचवणारी माझी मुलगी स्वतःचे झिजवते आहे, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. विचारलं की म्हणते, "आई, मी ग्रँड आहे." इथे आयर्लंडमध्ये, पोर्टलीशला, 'मजेत आहे' म्हणायचं तर सगळेच असं म्हणतात.

सांगलीत बीडीएस झाली. मग इथली परीक्षा दिली. एकदा नापास, मग पास. वर्क परमिट काढून दिलं इथल्या दातांच्या दवाखान्याचे मालक डॉ. चंद्रहास यांनी. आमचे नातेवाईक त्याला ग्रीन कार्ड म्हणतात, पण परमिटवर दवाखान्याचं नाव असतं. दुसरीकडे जायचं तर त्या दवाखान्याला नवं काढून द्यावं लागतं. चंद्रहास म्हणजे आमच्या ह्यांच्या मित्राचा धाकटा भाऊ, म्हणून स्वरांगी त्यांना सर न म्हणता काका म्हणते. काकांकडे गणपती बसला की मोदक वळायला हीच, सत्यनारायणाला पोळ्या लाटायलाही हीच. दवाखान्यातली नर्स ऑर्ला एकदा म्हणाली, "तू इथली डेंटिस्ट आहेस की त्यांची सून?"

गेल्या महिन्यात वॉटरफोर्डच्या एका दवाखान्याने तिला निवडलं. परमिट काढून द्यायलाही ते तयार होते. दुसरं कुणी असतं तर सही होईपर्यंत तोंड उघडलं नसतं. हिने आधी काकांकडे पेढे नेले आणि वाकून नमस्कार केला. त्यांनी दोन पेढे खाल्ले, "यशस्वी हो" म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी वॉटरफोर्डला फोन लावला. शेजारी उभ्या ऑर्लाने ऐकलं आणि स्वरांगीला सांगितलं, काका म्हणत होते, "मुलगी गुणी आहे हो. फक्त हात थरथरतात."

वॉटरफोर्डचा नकार आला. जानेवारीत परमिट संपतंय. काका म्हणतात, "मी आहे ना. राहा इथेच. आता शनिवारीही येत जा."

"आई, तू मध्ये पडू नकोस," स्वरांगी म्हणते. "त्यांनी रिन्यू केलं नाही तर मला बॅग भरावी लागेल."

मला न्यायबिय नको. त्या माणसाला त्याच्याच घरात खोटा पडलेला बघायचंय. उन्हाळ्यात त्याच्या बायकोची, मृणालिनीची, दाढ ठणकत होती तेव्हा त्याने स्वतः हात लावला नाही. स्वरांगीला पुढे केलं. रूट कॅनल झाल्यावर मृणालिनी इथल्या मराठी मंडळात सगळ्यांना सांगत होती, "हिचा हात इतका हलका, मला कळलंसुद्धा नाही."

नाही केलं रिन्यू तर न करो. पोरगी सांगलीला परत गेली तरी चालेल, पण ही बदनामी घेऊन जाणार नाही. उद्या रविवार, दुपारी ते सगळे जेवायला बसलेले असतील. तेव्हाच मृणालिनीला फोन लावणार आहे. स्पीकरवर घ्यायला लावीन आणि विचारीन, थरथरत्या हातांत तुमच्या नवऱ्याने तुमची दाढ कशी दिली? आणि वॉटरफोर्डला खरं काय ते तुम्ही कळवता, की मी कळवू?