वापरत असाल तर कळवा

सासूबाई त्यांना जावईबापू म्हणायच्या, आणि हळूहळू अख्ख्या इमारतीनेच ते नाव उचललं. बापू आठवडाभर पाइपांच्या कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायचे आणि रविवारी स्वतःच्या लायब्ररीची डागडुजी करायचे. ही लायब्ररी पुस्तकांची नव्हे. एखाद्या प्रोग्रॅमला डेटाबेसमधली माहिती हवी असली, की मध्ये पडून ती काढून आणणारा हा तयार कोड. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी तो लिहिला आणि इंटरनेटवर खुला ठेवला. कोणीही उघडून बघा, फुकट न्या.

"कोणी नेलं का हो?" सासूबाई चहा देताना विचारायच्या.

"कळायला मार्ग नाही, आई."

"फुकट असूनही?"

त्यात खवचटपणा नव्हता, खरीखुरी काळजी होती. म्हणून तर ते जास्त लागायचं. अकरा वर्षांत बापूंना मोजून तीन पत्रं आली होती, त्यातलं एक चुकून. आपण हे कोणासाठी करतोय, हा प्रश्न त्यांना आताशा दात घासतानाही छळायचा. शेवटी त्यांनी ठरवलं, लायब्ररी मुळापासून नव्याने रचायची. इतकी देखणी करायची, की कोणीतरी येऊन दोन शब्द बोलेल. नाहीच बोललं, तर दुकान बंद.

पहिली कुऱ्हाड पडली 'सगळंआण'वर. हे सगळ्यात जुनं फंक्शन. डेटाबेसशी जोडणी उघडण्यापासून ती मिटवण्यापर्यंत सगळं एकट्याने उरकायचं, बिनसलं तर गुपचूप पुन्हा प्रयत्न करायचं. पण आतून असं गिचमिड, की चारचौघांत उघडायची बापूंना लाज वाटे. नव्या रचनेत त्याच कामाच्या चार स्वच्छ पायऱ्या होत्या. तरी माणूस सरळमार्गी. त्यांनी लायब्ररीच्या पानावर सूचना लावली: 'सगळंआण' वापरत असाल तर कळवा. सहा महिन्यांत एकच उत्तर आलं. त्यात 'चाचणी' एवढंच लिहिलेलं होतं, आणि पान नीट चालतंय ना हे बघायला ते बापूंनीच पाठवलं होतं.

मग एका रविवारी सकाळी त्यांनी 'सगळंआण' उडवलं, नवी आवृत्ती चढवली आणि ते केस कापायला गेले.

परत येईपर्यंत तीनशे बारा तक्रारी. ज्यांच्याकडे नवी आवृत्ती आपोआप पोचली, त्यांचं सगळं ठप्प झालं होतं. एका लाँड्रीत चारशे शर्ट पडून होते आणि कोणता कोणाचा, देव जाणे. एका नाट्यगृहात सगळ्यांना एकच खुर्ची मिळाली होती. एका प्राणिसंग्रहालयाने लिहिलं होतं, 'खाण्याची यादी उघडत नाही. पाणघोडा आमच्याकडे बघतोय.'

बापू वाचत गेले तसा त्यांचा चेहरा फुलत गेला. सासूबाई धास्तावल्या.

"काय झालं?"

"शिव्या देतायत, आई."

"कोण?"

"सगळे," बापू म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. एक पत्र त्यांनी मोठ्याने वाचलं: 'नऊ वर्षं वापरतोय. कधी अडलं नाही, म्हणून कधी लिहिलं नाही.'

सासूबाईंनी चष्मा लावून ते स्वतः पुन्हा वाचलं. मग म्हणाल्या, "ते कौतुक नंतर करा. आधी त्या पाणघोड्याला जेवू घाला."

बापू ओशाळले आणि खुर्चीत बसले. जेवणाआधी 'सगळंआण' गिचमिडीसकट परत आलं. चार पायऱ्याही शेजारी ठेवल्या, ज्याला चढायच्या त्याने चढाव्यात. तक्रारी थांबल्या. आभाराचं एकही पत्र आलं नाही. सोमवारी नाही, मंगळवारी नाही, महिनाभर नाही. बापू मात्र दर रविवारी शीळ घालत कामाला बसू लागले.

एकदा शेजारीणबाईंनी जिन्यात विचारलंच, "जावईबापू अजून त्या फुकटच्या कामातच का हो?"

"मग काय," सासूबाई ताठ मानेने म्हणाल्या. "इतके लोक वापरतात, की एक जण चकार शब्द लिहीत नाही."