गणपतच्या चंचीला कुंकू

जो माणूस जेवत नाही, झोपत नाही, त्याला घास भरवावा की त्याच्या पायावर डोकं ठेवावं? दिंद्रुडच्या लोकांनी डोकं ठेवलं. महिन्यापूर्वी मामांचा गडी केजला माझ्याकडे निरोप घेऊन आला, गणपतमहाराज गेले. माझ्या मामेभावाला, गणपतला, महाराज म्हटलेलं माझ्या कानाला काही पटेना...

गणपत मृदंग वाजवायचा. नारायणगडच्या जत्रेत एका पानवाल्यानं, शीण जातो म्हणून, त्याला पानातून कोकेन चारलं. मग दर बाजाराला तो बीडहून तेच पान चंचीत भरून आणू लागला. जीभ बधिर, म्हणून चुना वाढवायचा. चुन्यानं तोंड सोललं, दात काळे पडले. डोळे टक्क उघडे, बोलणं भरधाव, भजन संपलं तरी हात थांबेनात. भाकरी समोर तशीच राही. लोक म्हणाले, अन्न सुटलं, झोप सुटली, याला देवाची ओढ लागली. व्रत मोडू नये म्हणून मामीनं त्याचं ताट वाढणंच बंद केलं.

शेवटचा भेटला तेव्हा तो पारावर बसून दंड ओरबाडत होता. कातडीखाली किडे फिरतात म्हणे. एक बाई ते रक्त बोटानं टिपून आपल्या लेकराच्या कपाळाला लावत होती. मी पाटलांना म्हणालो, हा देव नाही, पानातलं विष आहे, याला बीडच्या दवाखान्यात नेऊ. पाटील हसले.

"चार छापील कागदं वाचली अन् आमाला देव शिकवतो का बे?"

गणपतनं माझा हात धरला. "मला झोपायचंय रे... पण पान सुटत न्हाई, अन् हे लोक उठू देत न्हाईत."

मी त्याला ओढू लागलो, तर लोकांनी मलाच पारावरून खाली ढकललं. पुढच्याच आठवड्यात तो वाजवता वाजवता मृदंगावर कोसळला. गावानं त्या मरणाला समाधी म्हटलं.

आता तिथं समाधी बांधायला दगड गोळा होताहेत. चंची मामीच्या देव्हाऱ्यात आहे, रोज तिला कुंकू लागतं. मी ती उचलून चुलीत घालणार होतो. मामीनं हात धरला. "राहू दे, बाबा. शेवटी शेवटी लेकरानं येवढंच खाल्लं."

वर्गणी मागायला कुणी आलं तर एक दगडही देऊ नका. आणि आज जेवताना घरातल्या ताटांकडे पाहा. ज्याचं भरलेलं परत जातं, त्याच्या पाया पडू नका. त्याचं तोंड उघडून बघा.