रबरी हातमोजा आणि अप्पांचं बी.पी.

बारावीनंतर मी मेडिकलची प्रवेशपरीक्षा दिली आणि फिजिक्सनं मला आडवं केलं. जीवशास्त्र छान गेलं होतं, रसायनशास्त्रही बरं गेलं होतं. फिजिक्सचे प्रश्न आले तशी मी अंदाजानं गोल रंगवत सुटले. निकाल लागला त्या दिवशी अम्मानं माझी पुस्तकं पुन्हा टेबलावर मांडली. अप्पा एवढंच म्हणाले, "आणखी एक वर्ष बघ."

त्याच सुमारास कुंभकोणममधल्या एका कॉलेजनं मेडिकलला जाऊ पाहणाऱ्या मुलांसाठी फिजिक्सचा वर्ग काढला, अगदी पहिल्यापासून शिकवणारा. पापनाशमहून रेल्वेनं येणारी दोनतीन मुलं, तिरुविसनल्लूरची एक मुलगी, बाकी आम्ही गावातलेच. बेडूक, झुरळ, हृदयाचे कप्पे यांत आम्हाला कोणी हरवू शकलं नसतं. पण फळ्यावर बाण आणि ग्रीक अक्षरं दिसली की सगळे माना खाली घालायचे.

शिकवायला एक मध्यमवयीन मॅडम होत्या. कडक इस्त्रीची सुती साडी, आवाज हळू. पहिले काही दिवस त्यांनी आमच्या माना पाहिल्या असाव्यात. द्रवाच्या दाबाचा धडा आला त्या सकाळी त्यांनी पुस्तक उघडलंच नाही. म्हणाल्या, "जिन्यात चला."

जिन्यात त्यांनी पिशवीतून एक लांबलचक पारदर्शक नळी काढली. नळीच्या एका टोकाला नरसाळं, दुसऱ्या टोकाला ऑपरेशनला वापरतात तसला रबरी हातमोजा, दोऱ्यानं घट्ट बांधलेला. मोजा माझ्या हातात दिला. "पेशंट सांभाळ," म्हणाल्या. सगळे हसले. पापनाशमच्या एका मुलाला त्यांनी लाल पाण्याचा जग घेऊन बरोबर यायला सांगितलं आणि नरसाळं धरून एकेक पायरी चढू लागल्या.

चारपाच पायऱ्यांपर्यंत मोजा नुसता ओला, लोळागोळा. मग अंगठा हलला. मग करंगळी. वर पाणी ओतलं जात होतं, मॅडम चढत होत्या, आणि माझ्या तळहातांवर पाची बोटं एकेक करून ताठ उभी राहात होती. ते रबर माझ्या हातांना ढकलत होतं. कोणी तरी आत बसून ढकलतंय असंच वाटावं.

मॅडमनी वरून विचारलं, "कशामुळे ढकलतंय? पाणी जास्त झालं म्हणून?"

"नळी जाड असती तर आणखी ढकललं असतं," एक मुलगा म्हणाला.

माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही. तुम्ही वर गेलात म्हणून. उंचीमुळे." फिजिक्सच्या वर्गात मी आपण होऊन दिलेलं ते पहिलं उत्तर.

मॅडम आणखी दोन पायऱ्या चढल्या आणि मोजा फुटला. मी चेहऱ्यापासून पायांपर्यंत लाल झाले. मॅडम धावत खाली आल्या, आपल्या पदरानं माझा चेहरा पुसला आणि म्हणाल्या, "आता हे विसरणार नाहीस." मग तिथंच, पायऱ्यांवर बसून, आम्ही ते सूत्र लिहिलं: घनता, गुरुत्वाकर्षण, उंची. नळीची जाडी त्यात कुठेच नव्हती. दुसरा मोजा जाड नळीला बांधून पुन्हा करून पाहिलं, तर तेवढ्याच उंचीला तो तेवढाच फुगला. "उभ्या माणसाच्या पायांत रक्ताचा दाब जास्त का असतो, ते आता सांगा," त्या म्हणाल्या, आणि आम्ही सगळे एकदम बोलायला लागलो.

घरी आले तेव्हा अंगावर अजून लाल डाग होते. अम्मानं घाबरून विचारलं, मी हसत सुटले. घरी आम्ही आमची जुनी तंजावरी मराठी बोलतो, आणि तिच्यात 'घनता' कशी सांगायची ते मला सुचेना, म्हणून अर्धं तमिळमध्ये, अर्धं हातवारे करून सांगितलं.

अप्पांचं पितळी भांड्यांचं दुकान आहे. दुपारी ते जेवायला आले आणि जेवणाआधी नेहमीसारखे खुर्चीत बसून बी.पी. पाहू लागले. आत्यानं दिलेलं मनगटावर बांधायचं यंत्र होतं ते. गेले काही आठवडे आकडा चढाच येत होता. गोळी वाढवावी लागेल असं डॉक्टर म्हणाले होते आणि अप्पांनी मीठ जवळजवळ सोडलं होतं. मी बघत उभी राहिले. त्यांचा हात मांडीवर होता. हृदयापासून चांगला वीतदीड वीत खाली.

"अप्पा, हात वर घ्या."

"कोठें वर? काय करितेस?"

"छातीपाशी. दोन उशा देते."

उशांवर हात ठेवून पुन्हा पाहिलं. वरचा आकडा वीसनं उतरला. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. हात परत मांडीवर: चढला. मग मी हात डोक्यावर धरायला लावला: आणखी उतरला. अम्मा स्वयंपाकघरातून येऊन उभी राहिली. "यंत्र बिघडलंय," ती म्हणाली. मी तिलाच बसवलं. तिचंही तसंच झालं.

मी पट्टी आणून अंतर मोजलं. साधारण तीस सेंटिमीटर. पारा पाण्याहून साडेतेरा पटींहून थोडा अधिक जड, म्हणजे तेवढ्या उंचीच्या पाण्याला पाऱ्याचे बावीस मिलिमीटर. रक्त पाण्याहून किंचित जड, म्हणजे तेवीस. यंत्र वीस म्हणत होतं. कागदावरचं आणि अप्पांच्या मनगटावरचं जवळजवळ एकच निघालं, आणि माझ्या अंगावर काटा आला. सांबार निवून गेलं तरी कोणी पानावर बसलं नव्हतं.

"मग गोळी नको?" अप्पांनी विचारलं.

"ते डॉक्टर ठरवतील. आपण फक्त हे सांगू."

संध्याकाळी आम्ही दवाखान्यात गेलो. अप्पांनी बोलायचं सोडून मलाच पुढं केलं. डॉक्टरांनी शांतपणे ऐकलं, दंडावर पट्टा बांधून स्वतः दोनदा तपासलं आणि म्हणाले, "आहे तीच गोळी चालू ठेवा. आठवडाभर हात छातीच्या पातळीवर ठेवून मोजा, मग बघू." मग माझ्याकडे वळून, "कुठल्या वर्षाला आहेस मेडिकलच्या?"

"अजून लागले नाही, सर. फिजिक्समध्ये पडले होते."

ते मोठ्यानं हसले, आणि मग मीही.

त्या आठवड्याचे आकडे बरे आले आणि गोळी वाढली नाही. मी वर्गात हे सांगितलं तेव्हा मॅडमनी दुसऱ्या दिवशी सगळ्यांना घरून यंत्रं आणायला लावली, आणि तासभर वर्गात कोणाचा हात वर, कोणाचा खाली. अप्पांनी तर दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांना शिकवायला सुरुवात केली. कोणी तवलं, म्हणजे मोठं पितळी पातेलं, घ्यायला आलं की आधी हात कुठं धरायचा ते ऐकावं लागे.

पुढच्या परीक्षेत फिजिक्सचे सगळे प्रश्न काही मला आले नाहीत, पण एकही गोल मी अंदाजानं रंगवला नाही. प्रवेशाच्या दुसऱ्या फेरीत दूरच्या एका जिल्ह्यात जागा मिळाली. बातमी फोनवर वाचली तेव्हा मी दुकानातच होते. अप्पांनी गिऱ्हाइकाला तसंच उभं ठेवलं, पितळी घागरीवर बोटांनी जोरात ताल धरला आणि अम्माला फोन लावला.